जुनी पेट्रोल जीप गरम झाली की स्लोवर थरथरते, मिक्श्चरचा स्क्रू फिरवून फरक पडत नाही

केळीवाला, चोपडा

राम राम मंडळी. गाडी महिंद्राची जुनी सीजे ३बी. हरिकेन पेट्रोल इंजिन, १२ व्होल्ट, ल्युकसचा डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), सोलेक्सचा कार्बोरेटर. मागे पिकअपसारखी बॉडी बांधलेली आहे, खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्या मळ्यात नेण्यासाठी वापर.

तक्रार अशी की सकाळी थंड इंजिन चोकवर लगेच चालू होतं आणि दोन-तीन मिनिटं स्लो (रेस न देता इंजिनाची संथ चाल) बऱ्यापैकी बसतो. गरम झालं की थरथर सुरू. सायलेन्सरला हात लावून पाहिलं तर मधूनच एक ठोका गळतो. गाडी थांबवताना पाय काढला की कधी कधी बंदच पडते. रेस दिली की साफ चालते, चढावर थोडी कमी ओढते. अर्धा चोक ओढून ठेवला तर थरथर बरीच कमी होते. मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिन बंद पडत नाही आणि बाहेर काढला तरी काही बदलत नाही.

आतापर्यंत प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवीन टाकले. कार्बोरेटर खोलून धुतला, किट टाकली. मिस्त्रींचं म्हणणं आहे की कार्बोरेटर संपला, दुसरा टाका. जुना मिळतोय, पण तो तरी कुठल्या अवस्थेत असेल? पैसे घालण्याआधी काय तपासू?

गिरणाकाठचा फिटर

भाऊ, कार्बोरेटर सध्या राहू द्या. तुमच्या लिहिण्यातच दोन खुणा आहेत.

अर्धा चोक ओढल्यावर बरं वाटतं, म्हणजे इंजिनाला स्लोवर पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे. चोक हवा अडवतो, मिश्रण घट्ट होतं, थरथर कमी होते. आता हे पातळ मिश्रण दोन कारणांनी होतं: पायलट जेटची (स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाची) वाट तुंबली, किंवा कार्बोरेटरच्या खालून कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. कार्बोरेटर धुतलेला असेल तर माझा पहिला संशय हवेवर.

दुसरी खूण मिक्श्चरच्या स्क्रूची. स्लोचा स्क्रू जास्त दाबून बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली रेसची झडप) वर उचललेला असला की बटरफ्लायच्या कडेजवळची बायपासची भोकं उघडी पडतात आणि पेट्रोल तिथून जायला लागतं. मग खालचा मिक्श्चर स्क्रू आत घ्या नाहीतर बाहेर काढा, त्याच्या हातात काही राहत नाही. बहुतेक वेळा असं घडतं की हवा घेतल्यामुळे स्लो बसत नाही, म्हणून मिस्त्री स्लोचा स्क्रू दाबत जातो, आणि मग सगळे म्हणतात कार्बोरेटर गेला.

त्यामुळे आधी हे करा. स्लोचा स्क्रू पूर्ण सैल करा, बटरफ्लाय बंद होऊ द्या. मग स्क्रू लिव्हरला नुसता टेकेपर्यंत आत घ्या आणि तिथून किती आटे दिल्यावर इंजिन तग धरतं ते मोजा. एक ते दीड आट्यात चालायला हवं. अडीच-तीन लागत असतील तर हवा दुसरीकडून येते आहे किंवा एखादा सिलिंडर काम करत नाही.

हवा कुठून शिरते ते शोधायला पेट्रोल शिंपडू नका. गरम एक्झॉस्ट शेजारीच आहे, भडका उडतो. तेलाच्या बुधलीत साधं इंजिन ऑइल घ्या आणि इंजिन स्लोवर ठेवून एकेका जागी थेंब सोडा: कार्बोरेटरचं खालचं पॅकिंग, बटरफ्लायच्या स्पिंडलची (दांडीची) दोन्ही टोकं, वायपरला जाणारी व्हॅक्यूमची नळी, ब्रीदरची नळी आणि तिचा वॉल्व. जिथे तेल आत ओढलं जातं आणि इंजिनाचा सूर बदलतो, तिथे भोक आहे. या इंजिनात इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली असते, वेगळा इनटेक मॅनिफोल्ड नाही. त्यामुळे तपासायच्या जागा मोजक्याच आहेत, त्या सगळ्या बघा, एकही सोडू नका.

स्पिंडल हाताने वरखाली हलवून बघा. चाल जाणवली आणि हलवताना इंजिनाचा वेग बदलला, तर कार्बोरेटरची नवी किट टाकून उपयोग नाही. किटमध्ये पॅकिंग, डायफ्राम, नीडल येतात, झिजलेलं भोक दुरुस्त होत नाही.

वायपरचंही सांगतो. या गाड्यांना बऱ्याच वेळा दुहेरी एसी पंप (एसी हे कंपनीचं नाव) असतो, एक अर्धा पेट्रोलला आणि दुसरा अर्धा वायपरच्या व्हॅक्यूमला. व्हॅक्यूमच्या बाजूचा डायफ्राम फाटला की इंजिन तिथून हवाही ओढतं आणि ऑइलही. वायपरची नळी इंजिनाच्या बाजूने काढून तिथे घट्ट बूच मारा. तेवढ्याने स्लो सुधारला तर एक गुन्हेगार सापडला.

पांझरा गॅरेज, धुळे

वरच्या नानांशी सहमत, पण मला तुमच्या तक्रारीत एक गोष्ट जास्त खटकते. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर ठोका गळतो. नुसती हवा घेणारी गाडी थंडीतही नीट उभी राहत नाही, चोकमुळे झाकलं जातं एवढंच. पण एकच ठोका ठराविक अंतराने गळणं ही एका सिलिंडरची भाषा आहे. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी कोणता सिलिंडर मार खातो आहे ते ठरवा.

इंजिन गरम, स्लोवर. लाकडी किंवा रबरी मुठीच्या पक्कडने एकेका प्लगची वायर काढा आणि काढलेल्या वायरचं टोक लगेच ब्लॉकला टेकवा, हवेत लटकत ठेवू नका, कॉइल आणि कॅपवर ताण येतो. जी वायर काढल्यावर इंजिनाचा सूर पडतो तो सिलिंडर जिवंत. जी काढून काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. चारही सारखे पडले तर मिश्रण किंवा हवेचं दुखणं. एकच पडला नाही तर प्लग, वायर, टॅपेट (वॉल्व उचलणारा भाग, त्याचा गॅप), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या क्रमाने त्या एकट्याच्या मागे लागा. शेजारचे दोन पडले नाहीत तर हेड गॅस्केट मधल्या भिंतीवर उडालेलं असू शकतं.

त्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करा. दुखणं प्लगबरोबर सरकलं तर नवा असला तरी प्लग खराब. गॅप ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.७६ मिमी. प्लग बघायचे तर रस्त्यावर फिरवून आणून बघू नका. पाच मिनिटं स्लोवर ठेवा, बंद करा, काढा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, ओलं तेलकट म्हणजे रिंग किंवा वॉल्व गाइड.

पॉइंटच्या गॅपबद्दल फार गोंधळ असतो. जीपच्या मूळ पुस्तकात ऑटोलाइट डेल्कोसाठी २० थाऊ दिलेला आहे. तुमचा डेल्को ल्युकस, त्याला १४ ते १६ थाऊ लागतो, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. पुस्तक बघून ल्युकसला २० ठेवला तर डेल्कोचा ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) कमी होतो आणि टायमिंगही सरकतं. ड्वेल मीटर असेल तर ल्युकसला ५७ ते ६३ अंश. स्लोवर ड्वेलचा काटा ३ अंशांपेक्षा जास्त नाचत असेल तर डेल्कोचा बुश झिजला आहे. गॅप कितीही वेळा लावा, तो टिकणार नाही. टायमिंग पिस्टन वर पोचण्याच्या ५ अंश आधी, फायरिंगचा क्रम १-३-४-२. हे लावताना स्लो मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास असू द्या. वेग जास्त असेल तर डेल्कोची वजनं उघडतात आणि तुम्ही चुकीच्या टायमिंगला बरोबर समजता.

आता टॅपेट, आणि माझा खरा संशय इथेच आहे. हे एफ-हेड इंजिन आहे. इनटेक वॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व खाली ब्लॉकमध्ये. वरचं झाकण काढून मिस्त्री वरचे चार टॅपेट लावतो आणि झालं म्हणतो. खालचे चार ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली आहेत. हात घालायला अडचणीची जागा, म्हणून वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही.

थंड इंजिनावर इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. क्रँक हाताने फिरवा. चौथ्याचे दोन्ही वॉल्व एकाच वेळी हलताना दिसले (एक मिटतो, दुसरा उघडतो) की पहिल्याचे लावा. दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे हलताना चौथ्याचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे.

वाजणाऱ्या टॅपेटला लोक घाबरतात, घाबरायचं ते न वाजणाऱ्याला. वॉल्व आणि सीट झिजत जातात तसा वॉल्व खोल बसतो आणि खालचा गॅप कमी होत जातो. आवाज बंद, मालक खूश. मग एक दिवस थंडीत जेमतेम मिटणारा एक्झॉस्ट वॉल्व गरम झाल्यावर लांबतो आणि सीटवर बसतच नाही. तुमच्याकडे थंड असताना ठीक, गरम झाल्यावर मिसिंग, ते नेमकं असंच दिसतं.

कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, बटरफ्लाय आणि चोक पूर्ण उघडे, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी चांगली. १२० ते १३० पीएसआय हवं. जुन्या इंजिनात थोडं कमी चालतं, पण चौघांमध्ये १० पेक्षा जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंग, जैसे थे तर वॉल्व.

केळीवाला, चोपडा

नाना, भाऊ, दोघांचे आभार. सगळं मोजून आणलं.

स्लोचा स्क्रू टेकल्यापासून पावणेतीन आटे आत होता. वायर काढायच्या तपासणीत १, २, ४ ला इंजिन पडतं, ३ नंबरची काढली तरी काहीच फरक नाही. प्लग बदलून पाहिला, दुखणं ३ मध्येच राहिलं.

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन ११८, ११६, ८४, ११५. तिसऱ्यात ऑइल टाकून ८८.

व्हॅक्यूम गेज मिळालं, वायपरच्या जागी जोडलं. काटा १३ इंचाच्या आसपास आणि ठराविक वेळाने दोन-तीन इंच खाली झटका. वायपरची नळी तेव्हा निघालेलीच होती, म्हणजे तिथलं भोक बंद असतानाचं हे वाचन. नळी परत जोडली की स्लो आणखी बिघडतो.

तेलाचे थेंब पॅकिंगला ओढले गेले नाहीत. स्पिंडलच्या लिव्हरकडच्या टोकाला मात्र लगेच आत गेले आणि सायलेन्सरमधून निळा धूर आला. स्पिंडलला बोटाला जाणवेल एवढी चाल आहे.

खालचं टॅपेटचं झाकण थंड इंजिनावर उघडलं. एक्झॉस्ट १, २, ४ चे गॅप १० ते १२ थाऊ. तिसऱ्यात ४ थाऊची पट्टीसुद्धा जात नाही. वरचे इनटेक १८ ते २० च्या दरम्यान.

आता आधी काय करू? वॉल्व जळलेला असेल का?

पांझरा गॅरेज, धुळे

छान काम केलंत, एवढे आकडे असले की अंदाज लावायची गरजच उरत नाही. तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत, एकावर एक चढलेली. व्हॅक्यूमचा ठराविक झटका तिसऱ्या सिलिंडरचा. काटा मुळातच १३ वर असणं हे चोरट्या हवेचं आणि कमी पडणाऱ्या सिलिंडरचं मिळून. धडधाकट इंजिन आपल्या सपाटीवर स्लोवर १७ ते २० इंच स्थिर दाखवतं.

आधी टॅपेट, कारण त्याला खर्च नाही. चारही एक्झॉस्ट १६ थाऊला लावा, १० वाले पण. पट्टी सरकताना किंचित अडखळली पाहिजे, लोण्यासारखी जाता कामा नये. लॉकनट आवळल्यावर परत मोजा, आवळताना एक-दोन थाऊ सरकतातच. त्यानंतर इंजिन चालू करून पूर्ण गरम होऊ द्या, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा आणि पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. थोडंसंच उघडं राहणाऱ्या वॉल्वच्या सीटवर कार्बन साचलेला असतो, तो ठोकून निघायला वेळ लागतो. म्हणून गॅप लावल्याच्या पुढच्याच मिनिटाला मोजून निराश होऊ नका.

तिसरा १०५ च्या वर आला तर हेड उघडू नका, चालवा. ९० च्या खालीच राहिला तर वॉल्वची कड जळली आहे. मग हेड काढावं लागेल, कारण ब्लॉकमधला वॉल्व वरूनच निघतो. अशा वेळी एकटा वॉल्व बदलून भागत नाही, सीटही ग्राइंड करून निळा रंग लावून पूर्ण गोल ठसा येतो का ते बघायचं, आणि गाइडची चालही.

झाकण परत बसवताना पॅकिंग नवं टाका. तिथून ऑइल गळतंच, आणि ब्रीदरची हवाही बिनगाळलेली आत जाते.

गिरणाकाठचा फिटर

स्पिंडलचं मी सांगतो. नुसता नवा स्पिंडल टाकू नका. पितळी स्पिंडलइतकीच कार्बोरेटरची बॉडी झिजते, तिथलं भोक लंबगोल होतं. बॉडी लेथवाल्याकडे द्या, पण आधी त्याला नीट समजावून: दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये, एका रेषेत बोअर करायची, गनमेटलचे बुश दाबून बसवायचे आणि बसवल्यावर दोन्ही एकदम रीमर मारायचा. दोन बाजू वेगवेगळ्या पकडून केल्या तर स्पिंडल अडकतो, आणि अडकलेला स्पिंडल झिजलेल्यापेक्षा वाईट, पाय काढल्यावर रेस उतरत नाही. चाल दोन थाऊच्या आसपास ठेवा. बुश आतल्या बाजूला बाहेर आला नाही ना ते बघा, नाहीतर बटरफ्लाय घासतो. जळगाव, भुसावळ, धुळ्यात लेथवाले भरपूर आहेत, मात्र पंपाचं किंवा डिझेलच्या नोजलचं बारीक काम करणारा निवडा.

बटरफ्लायचे दोन छोटे स्क्रू काढताना त्यांची मागची टोकं फुलवलेली असतात, ती आधी घासून काढा, नाहीतर आटे तुटतात. बसवताना बटरफ्लाय भिंतीला दोन्ही कडांनी नीट मिटतो का ते बॉडी उजेडाकडे धरून बघा. सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसली तर बरोबर. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर स्क्रू सैल करून परत बसवा. स्क्रूची टोकं परत फुलवून ठेवायला विसरायचं नाही, सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो.

बॉडी हातात आहे तर खालची फ्लँज काचेवर ठेवून डुगडुगते का बघा. दोन नट ताकदीने आवळून आवळून कोपरे खाली वाकतात. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ठेवा आणि फ्लँज सपाट घासा.

पायलट जेटमध्ये तार घालू नका. टाचणीने भोक मोठं झालं तर स्लो कधीच बसणार नाही. हवेने फुंका, अगदीच चिवट मळ असेल तर वायरमधला एक तांब्याचा केस. आणि नुसता जेट साफ करून थांबू नका, बटरफ्लायच्या कडेजवळची ती बारीक भोकं आणि मिक्श्चर स्क्रूची वाट, तिन्हीकडून हवा आरपार आली पाहिजे. मिक्श्चर स्क्रूचं टोक भिंगाखाली बघा. कोणी जोरात आवळला असेल तर टोकावर गोल खाच पडलेली असते, तसा स्क्रू बदलाच.

बसवल्यावर सेटिंग असं. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड आटा बाहेर. स्लोचा स्क्रू टेकल्यापासून एक आटा. इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, एअर फिल्टर बसवलेला. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव आट्याने आत घ्या, इंजिन अडखळायला लागलं ती जागा लक्षात ठेवा. मग बाहेर काढत जा, जड, गडगडल्यासारखं चालायला लागलं ती दुसरी जागा. दोन्हींच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला किंचित झुकतं ठेवा. वेग वाढला की स्लोचा स्क्रू सैल करून ६०० वर आणा आणि मिक्श्चर परत एकदा बघा. सोलेक्सचा हा स्क्रू बटरफ्लायच्या खाली असतो, बाहेर काढला की मिश्रण वाढतं. बऱ्याच मोटारसायकलींचा हवेचा स्क्रू उलट असतो, बाहेर काढला की पातळ. दुचाकीवर हात बसलेली पोरं इथे उलटं फिरवतात.

सातपुडा फोर बाय फोर, शहादा

वरचं सगळं झाल्यावर एक गोष्ट उरते, ती म्हणजे पेट्रोल. आता पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं. शुद्ध पेट्रोल जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तरी मिश्रण आठेक टक्के पातळ. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळे जुनं 'दीड आटा' हे फक्त सुरुवात समजा, दोनच्या आसपास जागा सापडली तर घाबरू नका.

मेन जेटचाही हिशोब करून सांगतो. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, १२० म्हणजे १.२० मिमीचं भोक. १२० चा १२५ केला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, नेमकं हवं तेवढं. तुमच्या जेटवर जो आकडा आहे त्याच्या एक पायरी वर जा, त्याहून जास्त नको. चढावर कमी ओढण्यात तिसऱ्या सिलिंडरचा वाटा आहेच, म्हणून जेट शेवटी बदला. आधी बदलला तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

जुनी रबरी नळी या पेट्रोलमध्ये फुगते, आतून सोलते, आणि तो काळा चुरा पायलट जेटमध्ये अडकतो. कार्बोरेटर धुतल्यावर पंधरवड्यात परत तुंबतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच. टाकीपासून एसी पंपापर्यंत आणि पुढे, सगळी नळी इथेनॉल चालणारी टाका, पंपाचा डायफ्रामही. टाकीच्या बाजूला पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे काय येतंय ते दिसतं.

पाणी हा दुसरा धोका. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं. शंका असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं उन्हापासून दूर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा, त्यावर दुसरं पेट्रोल ओतून भागवू नका.

आणि एप्रिल-मे. आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. बंद केलेली गाडी दहा मिनिटांनी चालू केल्यावर थरथरली, पेट्रोलचा वास आला, आणि मिनिटभर रेस दिल्यावर सुधारली, तर तो हवेचा दोष नाही. फ्लोटमधलं पेट्रोल उकळून इनटेकच्या वाटेत सांडलेलं असतं. त्यावेळी मिक्श्चर स्क्रूला हात लावाल तर संध्याकाळी गाडी परत बिघडेल. कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये बेकलाइटचा जाड स्पेसर आहे का बघा. कित्येक गाड्यांत तो फुटला म्हणून नुसतं कागदी पॅकिंग टाकलेलं असतं. पेट्रोलची पाइप एक्झॉस्टपासून चार बोटं तरी लांब वळवा.

कोणी इलेक्ट्रिक पंप सुचवला तर दाब विचारून घ्या. या कार्बोरेटरला अडीच ते पावणेचार पीएसआय पुरतं. ५ च्या वरचा पंप नीडल उचलून धरतो, वाटी ओसंडते, आणि स्लोवर काळा धूर.

केळीवाला, चोपडा

टॅपेट लावून, गाडी अडावदपर्यंत फिरवून आणली. कॉम्प्रेशन १२०, ११७, १०९, ११६. तिसऱ्याची वायर काढली की आता इंजिन पडतं. बॉडीला बुश टाकून आला, फ्लँज घासली. स्पेसर खरंच नव्हता, तो टाकला. वायपरची नळी सध्या बुजवून ठेवली आहे.

स्लोचा स्क्रू सव्वा आटा, मिक्श्चर पावणेदोन, आणि आता स्क्रू आत घेतला की इंजिन बंद पडतं. व्हॅक्यूम १७ ला स्थिर. थरथर गेली. जेट अजून बदललेला नाही, त्यावर ११५ लिहिलं आहे.

एक शंका. एअर फिल्टर तेलाचा आहे, कापसाच्या दिवसांत त्यात पिंजर आणि माती फार बसते. स्लोवर त्याचा परिणाम होतो का? आणि कार्बोरेटर काढला तेव्हा खाली आत एक बोल्टचं डोकं दिसलं, ते कशाचं?

गिरणाकाठचा फिटर

तो हेडचाच बोल्ट आहे भाऊ. बाकीचे वरून दिसतात, हा एक कार्बोरेटरच्या खाली इनटेकच्या वाटेत दडलेला आहे. हेड आवळताना हाच राहून जातो. टॉर्क ६० ते ७० फूट-पाउंड. पुढच्या वेळी कार्बोरेटर निघेल तेव्हा त्यालाही टॉर्क रेंच लावा, आणि हेड आवळलं की टॅपेट परत मोजायचे.

फिल्टरचा परिणाम स्लोवर थोडा, रेसवर जास्त. पिंजर बसला की वाट अडते आणि मिश्रण घट्ट होतं. जाळी रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, पूर्ण निथळू द्या, वाटीत खुणेपर्यंतच इंजिनात घालता त्याच ग्रेडचं ऑइल. खुणेच्या वर भरलं तर तेल इंजिनात ओढलं जातं आणि प्लग तेलकट होतात. वेचणीच्या हंगामात दर आठवड्याला वाटी उघडून बघा, तळाला बोटभर गाळ दिसला की बदला.

पांझरा गॅरेज, धुळे

१०९ म्हणजे वॉल्व वाचला. पाचशे किलोमीटरनंतर खालचे चारही टॅपेट थंड इंजिनावर परत मोजा. तिसरा १६ वरून १२-१३ ला आलेला दिसला तर सीट अजून झिजते आहे, मग पेरणीच्या धावपळीआधी हेड काढून सीटचं काम उरकून घ्या. १५-१६ च राहिला तर वर्षभर बघायची गरज नाही. ११५ चा जेट असेल तर १२० टाका, पण टाकण्याआधी एकदा लळिंगच्या नाहीतर कन्नडच्या घाटात भरलेली गाडी नेऊन ओढ बघून घ्या. चढावर अडखळत नसेल आणि लगेच काढलेल्या प्लगचा रंग फिका तपकिरी असेल तर ११५ च राहू द्या.